मुदत तीन दिवसांची



शाळेत शिकवणाऱ्या माणसाकडे मोहल्ल्यातले लोक फक्त मुलांच्या अभ्यासासाठी येत नाहीत. रेशनकार्डावरच्या नावाची दुरुस्ती, स्कॉलरशिपचा अर्ज, बँकेचे केवायसी, हज कमिटीचा फॉर्म, पासपोर्टवरचे स्पेलिंग अशी सगळी कामे घेऊन लोक येतात. मगरिबनंतर आमच्या ओट्यावर चपला दिसल्या की घरातले समजून जातात, कुणीतरी कागद घेऊन आले आहे.

अलीकडे या कागदांबरोबर एक वाक्य हमखास कानावर येते, "सर, तिथे आता व्हिसाच लागत नाही म्हणे." कधी मलेशियाचे नाव असते, कधी थायलंडचे, कधी इराणचे. बोलणाऱ्याचा सूर असा असतो, की आता कुणाला काही विचारायचे कारण उरले नाही, तिकीट काढले की झाले. म्हणून या महिन्यात या विषयावर सविस्तर बोलावे असे आम्ही ठरवले. त्याआधी एका घरची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही, त्यांची गरज नाही.

खालांची उमराह

आमच्या गल्लीत एक खाला राहतात. वय साठीच्या पुढे. शौहर वारून बरीच वर्षे झाली. शिलाई करून त्यांनी मुलगा वाढवला. तो आज जेद्दाहला एका गोदामात नोकरी करतो. २०२४ च्या रमजानमध्ये त्याने अम्मीला फॅमिली व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतले. अर्ज आम्हीच भरून दिला होता. व्हिसा ९० दिवस राहण्याचा होता. खाला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या. मुलाने नुसुक अ‍ॅपवर परवाना काढला आणि रमजानमध्ये त्यांची उमराह झाली. काबागृहासमोर उभ्या राहून त्यांनी आम्हाला फोन केला. बोलणे झालेच नाही, फक्त रडणे ऐकू आले. आम्हीही इकडे डोळे पुसले.

ईदनंतर मुलाचा फोन आला. "सर, अम्मीचा व्हिसा जूनच्या मध्यापर्यंत चालतो. हज त्याच दिवसांत आहे. मक्केत एकाने खोली द्यायचे कबूल केले आहे. आधीच नेऊन ठेवतो, हज होऊन जाईल. इकडून कुर्रा कधी लागेल आणि अम्मी तेव्हा असेल-नसेल, कुणी सांगावे?"

खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी आम्हालाही ते पटले. बाई सौदीत आहे, व्हिसा चालू आहे, मक्का तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, आणि नियत हजची आहे. चोरी नाही, लबाडी नाही. मग अडचण कसली? एक दिवस विचार करून सांगतो, असे आम्ही म्हणालो.

त्या एका दिवसात आम्ही दोन गोष्टी केल्या. सौदी सरकारचे त्या वर्षीचे नियम वाचले आणि सीरतचे पुस्तक उघडले.

हुदैबियाचा करार

नियम स्पष्ट होते. २३ मे ते २१ जून २०२४ या काळात व्हिजिट व्हिसावर आलेल्या कुणालाही मक्केत जाण्याची वा राहण्याची मुभा नव्हती, मग व्हिसा कितीही दिवसांचा शिल्लक असो. परवान्याशिवाय हज करताना सापडल्यास १० हजार रियाल दंड होता. अशा लोकांना गाडीतून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५० हजार रियालपर्यंत दंड होता, आणि तो बाहेरच्या देशाचा असेल तर त्याची रवानगी. त्याच एप्रिलमध्ये सौदीच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेनेही जाहीर केले होते, की परवाना न घेता हजला जाणे जायज नाही आणि जाणारा गुन्हेगार ठरतो.

सीरतमध्ये आम्ही हिजरी सन ६ चे पान काढले. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे चौदाशे सहाबांना घेऊन उमराहसाठी निघाले होते. अंगावर एहराम, सोबत कुर्बानीची जनावरे. लढाईचा इरादा नव्हता. मक्का हे त्यांचे जन्मगाव, आणि काबा तर अल्लाहचे घर. तरी कुरैशांनी त्यांना हुदैबियाजवळ अडवले. हजरत उस्मान (रजि.) यांना बोलणी करण्यासाठी मक्केत पाठवण्यात आले. शेवटी करार झाला. या वर्षी परत जावे, पुढच्या वर्षी यावे, तलवारी म्यानात ठेवाव्यात आणि मक्केत फक्त तीन दिवस राहावे.

सहाबांना हे किती जड गेले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्याला राहवले नाही, त्यांनी उठून प्रश्न विचारले. पण प्रेषितांनी (स.) करार मोडला नाही. आडवाटेने रात्री मक्केत शिरण्याचा विचार कुणाच्या मनात आला असता तर तेव्हाच आला असता. तेथेच कुर्बानी झाली, तेथेच केस उतरवले गेले आणि काफिला मदीनेला परतला. याच करारानंतर सूरह फतह उतरली आणि त्या परत फिरण्याला उघड विजय म्हटले गेले.

पुढच्या वर्षी, हिजरी सन ७ मध्ये, ते ठरल्याप्रमाणे आले. तीन दिवस झाले आणि मुदत संपल्याचा निरोप कुरैशांकडून आला. त्याच दिवसांत हजरत मैमूना (रजि.) यांच्याशी निकाह ठरला होता. मक्केतच जेवण देऊ, तुम्हीही या, असे प्रेषितांनी (स.) सुचवले. कुरैश म्हणाले, जेवण नको, आपण निघावे. आणि ते निघाले. पुढचा कार्यक्रम मक्केबाहेर सरिफ या ठिकाणी झाला.

तीन दिवस म्हणजे तीनच दिवस. ज्यांच्यासाठी ही दुनिया निर्माण झाली असे आपण मानतो, त्यांनी जन्मगावातल्या मुक्कामाची मुदत पाळली. आपण कोण?

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला फोन लावला. म्हणालो, "बेटा, अम्मीला परत पाठव. व्हिसा तुझ्या घरी राहण्याचा आहे, हजचा नाही. दोन्ही कागद वेगळे आहेत. पकडला गेलास तर तुझा इकामा जाईल, नोकरी जाईल, आणि अम्मीला उतारवयात पोलिसांच्या गाडीत बसावे लागेल. हज तर ज्याला तिथवर पोचण्याची कुवत आहे त्याच्यावरच फर्ज आहे. रस्ता बंद असेल तर अल्लाह त्याचा जाब विचारणार नाही."

खाला मेच्या शेवटच्या आठवड्यात परत आल्या. आमच्याशी बोलल्या नाहीत. गल्लीत समोरून आल्या तर पदर सावरून निघून जात. "मास्तरने माझा हज अडवला," असे त्यांनी शेजारच्या भाभींना सांगितले. ते आमच्या कानावर आले. वाईट वाटले.

मग जून आला. त्या वर्षीच्या हजमध्ये मक्केतला पारा ५० अंशांच्या वर गेला. सौदी आरोग्यमंत्र्यांनी नंतर आकडा जाहीर केला, १३०१ मृत्यू. त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. परवाना नाही म्हणजे मिनातल्या थंड तंबूत जागा नाही, बस नाही, नोंद नाही. उन्हात मैलोनमैल पायी चालावे लागते. परवाना हे काही केवळ सरकारी खोगीर नाही, तर कुठे किती माणसे आहेत आणि किती जणांसाठी पाणी, सावली आणि दवाखाना लागेल याचा तो हिशेब आहे. ज्याचे नाव हिशेबात नाही, त्याच्या वाट्याची सावलीही नाही.

अल्लाह त्या सर्वांना मगफिरत देवो. त्यांच्या नियतीवर आम्ही बोलणार नाही. पण त्यांना ज्या लोकांनी व्हिजिट व्हिसावर हज होतो असे सांगून पैसे घेतले, त्यांच्याबद्दल मात्र बोलावेच लागेल. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, सौदीने नियम आणखी कडक केले. परवान्याशिवाय हज करणाऱ्याला दंड २० हजार रियालपर्यंत आणि अशा माणसासाठी व्हिजिट व्हिसाचा अर्ज करणाऱ्याला, त्याला नेणाऱ्याला वा घरात ठेवणाऱ्याला एक लाख रियालपर्यंत. म्हणजे अम्मीच्या हजची किंमत मुलाने सात जन्माचे कर्ज काढून भरायची. वाचकांपैकी कुणाचे आप्त आखाती देशांत असतील तर हे वाक्य त्यांना जरूर वाचून दाखवावे.

व्हिसा नको म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. "व्हिसा लागत नाही" या तीन शब्दांमागे निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट शेजारधर्माची. नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पण विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधारकार्ड तिथे चालत नाही. भूतानलाही व्हिसा नको, पण प्रवेश परवाना घ्यावाच लागतो, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे लागते आणि दर रात्रीमागे माणशी १२०० रुपये शुल्क भरावे लागते. सहलीला निघालेले कुटुंब फक्त आधारकार्ड घेऊन विमानतळावर गेले तर तिथूनच घरी परतेल.

दुसरी गोष्ट मुदतीच्या सवलतीची. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसामाफी दिली आणि ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. पण पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावे लागते. पासपोर्ट किमान सहा महिने चालू असावा लागतो. परतीचे तिकीट, राहण्याचे ठिकाण आणि खर्चापुरते पैसे दाखवायला सांगू शकतात. आणि ही माफी फिरण्यासाठी वा नातेवाइकांना भेटण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सवलत काढूनही घेतली जाते. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली होती. अटी होत्याच. विमानानेच यायचे, १५ दिवसच राहायचे, सहा महिन्यांत एकदाच. मशहद आणि कुमच्या जियारतीला जाणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण काही दलालांनी याच सवलतीचा फायदा घेतला. नोकरीचे किंवा पुढे तिसऱ्या देशात पाठवण्याचे आमिष दाखवून त्यांनी तरुणांना इराणला नेले. तिथे पोचल्यावर त्यांचे अपहरण करून घरच्यांकडून खंडणी मागण्यात आली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही माफी थांबवण्यात आली. काही लबाडांमुळे हजारो जायरीनची सोय गेली.

चौथी गोष्ट परवान्याच्या आतला परवाना. उमराहच्या व्हिसावर मदीनेत पोचलात तरी रियाजुल जन्नतमध्ये नमाज पढण्यासाठी नुसुकवर वेगळी वेळ घ्यावी लागते, आणि ती साधारणपणे ३६५ दिवसांत एकदाच मिळते. पूर्वीची धक्काबुक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले सुख कळेल. घरातल्या वृद्धांसाठी ही वेळ निघण्यापूर्वीच बघून ठेवावी, तिथे गेल्यावर अ‍ॅप शिकत बसू नये.

आणि शेवटी सर्वांना लागू असलेली गोष्ट. व्हिसा असो वा व्हिसामाफी, आत सोडायचे की नाही हे ठरवणारा इमिग्रेशनच्या काउंटरवरचा अधिकारी असतो. तो विचारील त्याचे खरे उत्तर द्यायचे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून इजाजत घ्यायला सांगितले आहे, आणि परत जा म्हटले तर राग न धरता परतायला सांगितले आहे. देश म्हणजे एक मोठे घरच आहे. फकीहांनी तर पूर्वीच लिहून ठेवले आहे, की जो 'अमान' घेऊन दुसऱ्याच्या मुलखात जातो, त्याने तिथल्या अटी पाळणे हे त्याने दिलेले वचन असते. आजचा व्हिसा म्हणजे तोच अमान.

फिरायला म्हणून जाऊन नोकरी

यापेक्षाही मोठी काळजी आम्हाला आमच्या वर्गातल्या मुलांची वाटते. नववीत शाळा सोडलेला मुलगा दोन-तीन वर्षांनी भेटतो आणि सांगतो, "सर, गल्फला चाललो. एजंट म्हणाला, आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो."

पालकांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शिक्का असतो. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ती अडवणूक नाही. त्या मंजुरीत मालकाचा करार तपासला जातो, पगार लिहिला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण मिळते. पण याच पासपोर्टवर फिरायला जायचे असेल तर ही मंजुरी लागत नाही. दलाल नेमकी हीच फट वापरतो. मुलगा पर्यटक म्हणून विमानात बसतो आणि मजूर म्हणून उतरतो. त्याचा करार कुठेच नसतो, पगार बुडला तर दाद मागायला कागद नसतो, आणि मुदत संपली की दंड चढत जातो. अमिरातीत तो दिवसाला ५० दिरहम आहे. सौदीत मुदत संपूनही पाहुणा परत गेला नाही आणि ज्याने बोलावले त्याने ते कळवले नाही, तर त्यालाही ५० हजार रियालपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

थायलंडच्या व्हिसामाफीचाही असाच वापर झाला. कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणून बँकॉकला बोलावलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये आपल्या वायुसेनेच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते.

म्हणून आम्ही मुलांना एकच सांगतो, दहावीचा कागद हातात घेऊनच शाळा सोडा. मार्क कमी पडले तरी चालतील. त्या एका कागदाने पासपोर्टवरचा शिक्का बदलतो, आणि वाचता येणारा माणूस करारावर डोळे झाकून सही करत नाही.

निघण्यापूर्वी

घरातून कुणीही परदेशी निघत असेल तर रात्री दस्तरखान उचलल्यावर सर्वांनी मिळून पाच प्रश्न विचारावेत.

१. हा कागद कशासाठी दिला आहे? भेटीसाठी, उमराहसाठी, हजसाठी की नोकरीसाठी? आपण तेच करायला चाललो आहोत ना?

२. किती दिवसांसाठी? व्हिसा कधीपर्यंत चालू आहे आणि तिथे किती दिवस राहता येते, या दोन तारखा वेगळ्या असू शकतात. दोन्ही कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावाव्यात.

३. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किती महिने चालतो?

४. ही माहिती कुणाकडून मिळाली? त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती आहे का? नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावे. हा लेखसुद्धा काही महिन्यांनी जुना होईल.

५. एजंट असेल तर तो सरकारकडे नोंदलेला आहे का? नोकरीचा असेल तर ई-मायग्रेटवर, हजचा असेल तर मंजूर टूर ऑपरेटरांच्या यादीत नाव तपासावे. पैसे पावतीशिवाय देऊ नयेत.

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर "तिथे गेल्यावर बघू" असे आले, तर निघू नये.

खालांचे काय झाले, हे विचारणारी पत्रे येतील म्हणून सांगून टाकतो. जूनच्या त्या बातम्यांनंतर एका संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. बराच वेळ बसल्या. हजचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही काढला नाही. जाताना आमच्या सौ.ला म्हणाल्या, "मास्तरांना सांग, कमिटीचा फॉर्म निघाला की मला बोलवा." आपल्याकडे २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरील महिलांना मेहरमशिवायही अर्ज करता येतो. त्या रकान्यात आम्ही त्यांचे नाव भरले. पहिल्या वर्षी कुर्रा लागला नाही, वेटिंग लिस्टमध्ये नाव राहिले. पुन्हा भरला आहे.

परवा आम्ही त्यांना विचारले, "खाला, अजून राग आहे का?" त्या म्हणाल्या, "राग कसला? नबींनाही एक वर्ष थांबावे लागले होते ना?"

अल्लाह खालांना आणि वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला आपल्या घरचे बोलावणे पाठवो, सरळ रस्त्याने, स्वच्छ कागदांसह आणि सलामतीने. आमीन.